विसावं बाळंतपण

"खालीच बसून बाळंत झाली सोजरबाई, तर खाली बसून असंच लिवणार की! न्हाई त्ये टेबल कशाला लिवू?"

"खरं लिहिलंस, तिथंच घोळ झाला, म्हाळसा." दाक्षायणी सिस्टरनं केसबुक मिटलं. "टेबलावर न झालेली केस मला धरता येत नाही. तुझ्या एकोणीसच झाल्या."

"आन् त्या बाईच्या कडंवर पोर हाय, त्ये कुनाचं म्हनायचं मग?"

साल चौऱ्याहत्तर, मार्च महिना. सोलापुरातल्या त्या नर्सिंग स्कूलात सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा कोर्स होता. आत शिरायला सातवी पास लागायची आणि शेवटच्या परीक्षेला बसायला वीस बाळंतपणं. स्वतःच्या हातानं केलेली, केसबुकात चढवलेली, सिस्टर ट्यूटरची सही पडलेली. एकोणीसवाल्या पोरीचा फॉर्म जात नसे. तिनं सहा महिने थांबायचं. म्हाळसाची बाळंतपणाच्या वॉर्डातली पाळी आज दोनला संपत होती, आणि संध्याकाळी फॉर्म जायचे होते.

म्हाळसाबाई सांगोल्याकडची, धनगराची. नवऱ्यानं दुसरी आणली तशी ती उठली आणि बापाच्या मेंढरांमागं परत आली. चौथीत सुटलेली शाळा तिनं बाविसाव्या वर्षी पुन्हा धरली. सातवीच्या परीक्षेत शेजारची पोर तिला म्हणाली, "मावशी, सरका जरा." प्रवेशाच्या मुलाखतीत साहेबानं विचारलं, नर्सच का व्हायचंय? ही म्हणाली, "शंभरभर मेंढ्या इणवल्यात सायेब. बायामानसं तर तोंडानं सांगत्यात तरी, कुटं दुकतंय ते." वजनात दोन किलो कमी भरली म्हणून परत पाठवली, तर पंधरा दिवस भाकरीवर भाकरी रिचवून पुन्हा काट्यावर येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षी शरीरशास्त्रात तीन मार्कांनी गेली. हाडांची इंग्रजी नावं जिभेवर ठरत नव्हती, हाडं मात्र हाताला पाठ होती. दुसऱ्या खेपेला तेही काढलं.

आणि आता हे.

मंगळवारी करकंबची सोजरबाई आली होती. तिसरी खेप. टेबलावर चढवली तशी खाली उतरली, खाटेचा पाय धरून उकिडवी बसली. तिकडं गावात बाया अशाच बाळंत होतात, आढ्याला दोर बांधायचा आणि त्याला लोंबकळून बसायचं. म्हाळसानं खाली उकळलेली चादर टाकली, पुढं हात केला. बाकीच्या पोरी असल्या वेळी रकान्यात गुपचूप 'टेबल' लिहून मोकळ्या व्हायच्या. हिनं शाईनं जे झालं ते लिहिलं. खोडाखोड केलेलं पान चालत नव्हतं, आणि पानांवर तर नंबर छापलेले.

"मग टेबलालाच बशिवा परीक्षेला!" म्हाळसा म्हणाली. "माजं काय काम?"

"आवाज खाली. नियम मी केला नाही. दोनच्या आत केस आली तर नीट टेबलावर कर. मी दारात पेन घेऊन उभी राहते. याच्यावर मी तरी काय करू?"

बाराच्या सुमाराला गिरिजाबाई आली. पहिलटकरीण, कळा रात्रीपासूनच्या. गुमान टेबलावर निजली. म्हाळसाला हायसं वाटलं.

एक वाजला. डोकं दिसायचं आणि मागं जायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा मागं. गिरिजाबाईचे ओठ पांढरे पडले.

"मला खाली घे गं बाई."

"निज की जरा, माजे आई! इसावी हायस तू!" म्हाळसा खेकसली. तिला चीड आली होती, त्या बाईची, टेबलाची, दारातल्या त्या पेनाची.

"डॉक्टरांना बोलावते, चिमटा लावून बाळ ओढावं लागेल," सिस्टर म्हणाली.

म्हाळसानं आणखी एक कळ जाऊ दिली. अडलेली मेंढी बाप कधी आडवी पडू द्यायचा नाही. हाताला कळत होतं, तेवढं डोक्याला कबूल होत नव्हतं. मग तिनं गिरिजाबाईच्या बगलेत हात घातले.

"म्हाळसा, टेबल सोडलंस तर..."

"ठावं हाय!"

खाली चादर, चादरीवर गिरिजाबाई उकिडवी, खाटेचा पाय तिच्या मुठीत. तिसऱ्या कळेला पोर म्हाळसाच्या हातात आली. मुलगी. जन्मली तीच भांडत.

सिस्टरनं पेनाला टोपण लावलं. "ऑक्टोबर," ती हळूच म्हणाली.

"ऑक्टोबर तर ऑक्टोबर. पन ज्यानं कुनी त्यो नियम लिवलाय, त्याला एकदा ह्या टेबलावर निजवा म्हनावं. पाय वर बांधून! आन् मग म्हनावं, जोर लाव."

सिस्टरनं पोरीला पुसायला फडकं पुढं केलं. तिलाही दोन पोरं होती.

म्हाळसानं नाळ बांधली, वार नीट पडलेली बघितली, हात धुतले. केसबुक ओढलं आणि लिहिलं, 'जमिनीवर, उकिडवी.' निब पलीकडच्या पानापर्यंत उमटलं.

"सिस्टर," खाटेवर घेतलेली गिरिजाबाई म्हाळसाला म्हणाली, "तुमचंच नाव ठेवते पोरीला."

"नगं. माजं सा म्हैनं खाल्लं तिनं. दुसरं कायबी ठेव."

दोनला अजून दहा मिनिटं होती. तिनं टेबलावरचं रबरी कापड ओढून मोरीत टाकलं, फिनेलची बाटली घेतली, आणि पदर खोचून फरशी घासायला बसली.