कसरियाचं नाक

कसरियानं कुपी नाकाशी धरली, डोळे मिटले, मान डोलावली आणि बूच दाबून बसवलं.

"झालं. मस्त उतरलंय. ने."

खरं तर तिला काडीचाही वास आला नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, आठ दिवसांनी गेला, तो तिचं नाक घेऊनच गेला. अश्कलोनमध्ये सुगंधी तेल करणारी बाई, आणि तिला जळकी भाकरीसुद्धा कळेना. सुनेलाही तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

खपून जात होतं. जिवंत गिऱ्हाईक स्वतःच हुंगतं, "मावशी, दालचिनी वाढव" म्हणतं, ही वाढवते. पण मेलेल्याची कुपी कोण हुंगणार? आम्हा पलिष्ट्यांत माणूस वाळूत ठेवला की कुपीचं तोंड त्याच्या नाकाशी लावतात. ती करणारीनं एकदा हुंगायची, मग थेट मेलेल्यानं. मधे कुणी हुंगली तर ती मेलेल्याच्या नाकाखालून चोरी. म्हणून दोन वर्षांत हिला कुणी धरलं नाही.

त्या सकाळी शेजारची डुकरीण घरात घुसली होती. फळीवरची मडकी गडगडली, आणि सुनेनं, वन्नतनं, ती हाताला येतील तशी परत मांडली. कसरिया जागेवरून मडकी ओळखायची. आता काय ओळखणार, कपाळ? सुनेला विचारावं तर बिंग फुटतं. त्यात आदनश बायकोसकट दारात येऊन उभा. आई गेली होती त्याची, तुनाया म्हातारी. ऊन उतरायच्या आत पुरायची होती. तिला लिली आणि दालचिनीचं तेल हवं होतं, लग्नात लावलं होतं तेच. कसरियानं अंदाजानं एका मडक्यात पळी घातली होती.

आदनश जाळी ओढणारा गडी, मोजकं बोलणारा. त्यानं कुपी घेतली, अंगठ्यानं बूच उडवलं आणि सरळ नाकाला लावली.

"अहो!" त्याची बायको ओरडली. "वेड लागलं का? सासूबाईंची आहे ती!"

"आहे तर."

"मग शिवता कशाला नाकाला? वरून बघतायत त्या!"

"बघू दे." आदनशनं कुपी खाली ठेवली. "मावशी, हे दिव्याचं तेल आहे. खवट."

बाहेर माणसं जमलीच होती. वन्नत सासूकडे बघत राहिली. कसरियाला खोटं बोलता आलं असतं. डुकरिणीवर ढकलता आलं असतं, सुनेवर तर सहज. तिनं ओला हात पदराला पुसला.

"माझं नाक मेलंय रे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला काही येत नाही."

"म्हणजे माझ्या बापाच्या वेळीही?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही सांगता यायचं. असेल बरं, नसेलही."

"चोर बाई!"

आदनश मागे न बघता म्हणाला, "गप रे. आई माझी मेलीय, तुझी नाही."

मग तो फळीपाशी गेला आणि एकेक मडकं हुंगत सुटला. चौथ्यावर थांबला, तिथेच डोळे पुसले. "हे. आईच्या डोक्याला असाच वास यायचा." नवी कुपी कसरियानंच भरली, थेंबही सांडला नाही. संध्याकाळी तटाबाहेरच्या वाळूत म्हातारीच्या नाकाशी तिनंच ती टेकवली. आदनशनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कसरिया घरोघर गेली. दोन वर्षांत तिनं अकरा मेलेल्यांच्या कुप्या भरल्या होत्या, त्या अकराही घरी. कुणी बसायला दिलं, कुणी तोंडावर दार आपटलं, एकीनं तर अंगावर धुणवणी फेकलं. ही उभी राहून ऐकायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "चला, दुसरं भरू. तुम्ही हुंगा, मी ओतते." सात घरं आली. त्यांच्या माणसांवरच्या वाळूत तिनं नवं तेल ओतलं. चार घरं आली नाहीत, आजही बोलत नाहीत. तिला अजून चोर म्हणणारे आहेत. त्यांनी ते आमच्या गल्लीत येऊन म्हणावं, मग बघू.

तेलाचा धंदा आता वन्नत बघते. कसरिया बी कुटते, चूल सांभाळते, सुनेशी भांडते.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. आदनशच्या बायकोनं सांगितली, मासे चिरता चिरता. म्हातारी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिचा सासरा गेला, तेव्हा त्याची कुपी वाटेत झिरपली होती आणि तुनाया म्हातारीच्या हाताला खवट तेलाचा वास आला होता. तिनं ती तशीच नवऱ्याच्या नाकाशी ठेवली आणि गप्प राहिली. मग मरायच्या आदल्या दिवशी मुलाला जवळ बोलावून म्हणाली, "माझी कुपी तू हुंगून घे, पाप लागलं तर मला लागू दे. पण आण कसरियाकडूनच."