एकशेवीस किलोमीटर

डॅशबोर्डला कुणी हात लावलेला तुळशीरामभाऊंना खपत नसे. इंजिन उघडा, चाकं काढा, त्यांचं काही म्हणणं नसे. पण मीटरजवळ ड्रायव्हरनं नुसतं बोट नेलं तरी पाना उगारायचे. "हात काढ! तुया बापानं जोडलं होतं काय थे?" गडचिरोलीला बसस्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. जिल्हा नवा, कार्यालयं नवी आणि गाड्या मात्र इकडून तिकडून आलेल्या, म्हाताऱ्या. त्यांची मीटरं नीट खोलणारा हा एकच माणूस होता.

आधी बॅटरीची तार सोडायची. मग खाली जुनं धोतर अंथरायचं आणि स्क्रू निघतील त्या क्रमानं मांडायचे. डॅशच्या मागे हात घालून स्पीडोमीटरची केबल सोडवायची, प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा. ऑइलच्या मीटरची बारीक तांब्याची नळी सगळ्यात शेवटी, कारण ती वाकली की कारभार आटोपला. एवढं झालं की अख्खं मीटर ते दोन्ही हातांनी बाहेर काढत. म्हणायचे, "इंजन बिमार पडलं तं आवाज करते, बाबू. मीटर बिमार पडलं तं खोटं बोलते. थे जास्त खराब."

मी तेव्हा एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. गाडीचं लॉगबुक माझ्याकडे. गाडी म्हणजे वीस वर्षांची ॲम्बॅसेडर. त्या वर्षी भादव्यात जंगलातल्या एका गावात हगवण-ओकारी सुरू झाली. गावचा एक माणूस सलाईनच्या बाटल्या मागायला पायी आला, दोन दिवस आमच्या ओट्यावर बसून राहिला. साहेब रजा न टाकता नागपूरला गेलेले, गाडीची किल्ली त्यांच्या खिशात. गावात दोन लेकरं आणि एक बाळंतीण मेली. साहेब परतले, चौकशी लागल्याचं कळलं, आणि त्यांनी मला बोलावलं. "आपण औषधं घेऊन गेलो होतो. साठ जाणं, साठ येणं. लॉगबुकात लिही आणि मीटर तेवढं पुढे करून आण."

मी लिहिलं. आज हे सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण तेव्हा मी मान डोलावली आणि ड्रायव्हरबरोबर गाडी घेऊन गडचिरोलीला गेलो.

भाऊंना वाटलं, मीटरचा दिवा गेला असेल. नेहमीसारखं सगळं अलगद बाहेर काढल्यावर मी खरं काम सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोनतं गाव?" मी नाव सांगितलं. तिथली मरणं सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती. ते उठून आत गेले. मग हातानं फिरवायचं ड्रिल आणलं, त्यात केबलचा तुकडा अडकवला, दुसरं टोक मीटरला लावलं आणि दांडा माझ्या हातात दिला.

"मी नाई फिरवत. तू फिरव."

मी फिरवू लागलो. काटा पन्नासाच्या जवळ गेला, आकडे सरकू लागले. भाऊ समोर उकिडवे बसून रस्ता सांगत होते. आता नाका सुटला. आता सागवान लागलं. खांदा भरून आला तरी ते थांबू देत नव्हते. पंचेचाळीसाव्या किलोमीटरला म्हणाले, "हा नाला आला. पूल नाई. भादव्यात कमरेएवढं पानी राह्यते, बैलबंडी जात नाई. गाडी इथंच थांबते. पुढं पंधरा किलोमीटर पायी. थांबतं का?"

"साहेबांनी एकशेवीस सांगितलंय, भाऊ."

"मंग फिरव. पूरा फिरव. तुया साहेबाले नालाच मालूम नाई." त्यांनी माझ्या हातातल्या दांड्याकडे बोट केलं. "तुया मायनं धानाची रोवणी करून करून तुले शिकवलं. आपल्या मोहल्ल्यातला पयला बाबू तू. हे लिहाले शिकला काय रे?"

मी फिरवत राहिलो. अडीच तास लागले.

चौकशीचे अधिकारी आले, चहा प्याले, त्यांनी लॉगबुक आणि मीटर ताडून पाहिलं. आकडा आकड्याशी जुळला. नाल्यापर्यंत जाऊन बघायचे कष्ट त्यांनीही घेतले नाहीत. तेवढ्यात न बोलावता तुळशीरामभाऊ दारात उभे राहिले. "साहेब, हे गाडी नाल्याच्या पार गेली कशी? हे मीटर माया गॅरेजात फिरलं हाये."

"कुणी फिरवलं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत मूग गिळून बसलो. शेवटी ते म्हणाले, "खोललं मीनं."

झालं! गुन्हेगार सापडला. सरकारी मीटरशी छेडछाड केली म्हणून त्यांच्यावरच ठपका आला आणि एकाही कार्यालयाची गाडी पुन्हा त्या शेडमध्ये गेली नाही. साहेबांना बढती मिळाली. त्यांच्या निरोपाच्या समारंभात हार आणायला मलाच पाठवलं होतं, आणि मी तो आणला. साहेबांचा राग येतो, चौकशीवाल्याचा येतो, पण त्या हार आणणाऱ्या माणसाचा येतो तेवढा कुणाचाच येत नाही.

भाऊ शेड मोडून बल्लारपूरला मेहुण्याकडे निघाले, त्या दिवशी मी गेलो. ते एकटेच पत्रे उतरवत होते. मी विचारलं, "भाऊ, माझं नाव काऊन नाई घेतलं?"

"तू सांगशील वाटलं होतं."

मला रडू कोसळलं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर ते मागे सरकले.

"मले कायले माफी मांगून राह्यला? मायं काई मेलं नाई. थ्या गावात जा. तिथं सांग, गाडी उभीच होती म्हनून."

पुढे चार-पाच वर्षांत ते बल्लारपूरलाच वारले. मी पूर्ण नोकरी केली, पेन्शन घेतो. नाल्यावर आता पूल झालाय, गावापर्यंत बस जाते.

मी गेलेलो नाही.