डोंगरावरचं गाऱ्हाणं

ह्यांचा आजार पोटातला. गोव्याच्या हॉस्पिटलात सहा वेळा सलाईनमधून औषध देऊन झालं होतं. केस गेले होते, तोंडाची चव गेली होती, आणि डॉक्टर म्हणत होते की अजून एक फेरी घ्यायलाच हवी. हे तयार होत नव्हते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, मागून कोणी कितीही ओरडलं तरी वळून न बघण्याची सवय. मी रोज भांडायचे. शेवटी दिवाळीनंतर ह्यांनीच तोड काढली. आधी आपल्या देवाच्या डोंगरावर जाऊन येऊ, मग गोव्याचं बघू. 'बघू' म्हणजे 'जाऊ' असं मी आपल्या सोयीने धरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून घावणे घातले.

लग्नाच्या वर्षी आम्ही तो डोंगर चढलो होतो तेव्हा बरोबर सगळं घर होतं, ढोल होता, मी नव्या साडीत धडपडत होते आणि हे सगळ्यांच्या पुढे धावत होते. या वेळी दोघंच. रिक्षावाल्याने पायथ्याला सोडलं आणि तीनला परत येतो म्हणाला.

खालचा अर्धा डोंगर काजूच्या बागांचा. हे प्रत्येक झाडाखाली थांबायचे आणि वर बघायचे. विचारलं तर म्हणे मोहोर आलाय का बघतो. झाडांना नुसती पालवी होती, मोहोराचा पत्ता नव्हता. दम लागलाय म्हणाले असते तर मलाही टेकता आलं असतं, माझे गुडघे काही लोखंडाचे नाहीत. पण मीही बोलले नाही. दहा झाडं झाल्यावर मीच एका झाडाकडे बोट करून म्हटलं, इथे असेल बघा. ह्यांना हसू आलं. मग आम्ही बसलो, घावणे आणि खोबऱ्याची चटणी खाल्ली. ह्यांनी अर्धाच खाल्ला आणि उरलेला मला दिसू नये म्हणून डब्यात चटणीखाली दडपून ठेवला. मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून मी डबा बंद केला.

बागा संपल्या की कातळ लागतो. उन्हं वर आली होती. ह्यांचा हात मी धरला, तर ह्यांनी तो सोडवून माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, तुलाच आधार लागतोय. बरं म्हटलं. वर पोचायला साडेअकरा वाजले. देऊळ म्हणजे चिऱ्याची चार हात खोली, पुढे पाटातलं पाणी. लांब पश्चिमेला मालवणकडचा समुद्र पांढऱ्या रेघेएवढा दिसत होता.

देवळात गुरव रोज नसतो. गाऱ्हाणं ह्यांनीच घालायचं ठरलं, आमचं घर गावकरांचं, म्हणजे देवळातल्या मानकऱ्यांचं, ह्यांना ते तोंडपाठ. आमच्याकडे देवापुढे मनातलं सगळं मोठ्याने मांडतात. एकाने सांगायचं आणि बरोबरच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय मागणं पुरं होत नाही. जन्मापासून म्हणत आल्यामुळे ते तोंडातून आपोआप निघतं.

आणि नेमका नारळ! आमच्याच माडाचा, ह्यांनीच घाईत सोललेला, अर्धा काथ्या तसाच. असला नारळ देवापुढे ठेवायचा कसा? मी उंबऱ्यावर बसून नखांनी काथ्या ओढायला लागले. मनातल्या मनात ह्यांचा उद्धार चालला होता. हे तिकडे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आमी दोघां तुज्या पायाकडे इलो आसो. गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"चेडू सासराक गेला आसा. तेचा बरा कर." हे आमच्या लेकीसाठी.

"व्हय म्हाराजा."

मग हे थांबले. मग पुढे काहीतरी बोलले, हळू, लांबलचक. माझ्या नखात काथ्याचं कुसळ गेलं होतं. आवाज थांबला तसं मी म्हटलं, व्हय म्हाराजा.

उतरताना हे माझ्या पुढे चालत होते आणि एकदाही मोहोर बघायला थांबले नाहीत. मला वाटलं, देव पावला.

रविवारी सकाळी मी गोव्याची बॅग भरायला घेतली. हे ओटीवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "ती बॅग ठेव. देवाफुडे तूच व्हय म्हटलंस."

काय मागितलं होतं, ते मग ह्यांनी शब्दन् शब्द सांगितलं. "माका न्हेवचा आसात तर उभ्या पायान ने. गोव्याची वाट परत दाखवू नको. माज्यापायी हिका झिजवू नको."

माझं लक्ष नव्हतं, मी ऐकलंच नाही, असं कितीदा सांगितलं. रडले, शपथा घातल्या, लेकीला फोन करून बोलावलं. हे कोणाला बधले नाहीत. देवाला दिलेला शब्द होता, आणि तो माझा होता.

शिमग्याच्या आधी, एका सकाळी हे विहिरीवर गेले. कळशी काठावर ठेवली आणि तिथेच बसले. मी हाक मारत गेले तेव्हा सगळं झालं होतं. लोक म्हणतात, भाग्याचं मरण. कोणाला झिजवलं नाही. मी मान हलवते. मला झिजायचं होतं, हे कोणाला सांगू?

आता गावच्या देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की मी तोंड मिटून उभी राहते. प्रत्येक शब्द ऐकते. जाऊ कोपराने डिवचते, तरी 'व्हय म्हाराजा' मी उशिरानेच म्हणते. हे माझं ऐकत नाहीत म्हणून मी जन्मभर भांडले. त्या दिवशी डोंगरावर, ते शेवटचं मागण्याआधी, हे थांबले होते. नेहमीपेक्षा बराच वेळ. मी वर बघेन म्हणून थांबले असतील. मी नारळ सोलत होते.