उंदरासाठी पोळीचा तुकडा

काकू उंदराला पोळीचा तुकडा द्यायच्या. दर दुसऱ्या शनिवारी काका पेट शॉपमधून पुठ्ठ्याच्या खोक्यात एक जिवंत पांढरा उंदीर आणायचे. तो सापाच्या काचेच्या पेटीत सोडण्याआधी काकू सकाळच्या पोळीचा चतकोर आत ठेवायच्या. "जायचंच आहे बिचाऱ्याला, उपाशी कशाला धाडायचं?" मग पेटीवर जुना पंचा टाकायचा, खोलीचं दार लोटायचं आणि दोघांनी गाडी काढून इंडियन ग्रोसरीला जायचं. परत येईतो सगळं उरकलेलं असायचं. काकू आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात पाय ठेवायच्या.

हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला राग आला. अजूनही येतो. फक्त तो कुणावर काढायचा ते आता कळत नाही.

अमेरिकेत, पिस्कॅटवेत, मी त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्यानं राहते. साप त्यांच्या मुलीचा. ती इथेच जन्मलेली. शाळेत असताना हट्ट करून तिनं हा बॉल पायथन, लहान जातीचा अजगर, आणवला. पुढे नोकरीला सांता क्लाराला गेली, तिथल्या अपार्टमेंटमध्ये साप चालत नाही, म्हणून तो इथेच राहिला. मायलेकींचं कशावरून तरी बिनसलं होतं. कशावरून, ते मला कुणी सांगितलं नाही. पण दर रविवारी दुपारी, आम्ही जेवायला बसायच्या सुमाराला, तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: "आई, डिड ही ईट?" काकू सांगायच्या, खाल्लं, कात टाकली, पाण्यात जाऊन बसला होता. मग सापाच्या आडून हळूच, "आणि तू काय खाल्लंस?" असं करत पाऊण तास जायचा. फोन ठेवल्यावर काकू अख्खी दुपार हसऱ्या असायच्या. सापाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, पण तो जगायला हवा होता त्यांना. तो होता तोवर तो फोन होता.

मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. आमचं पत्रक मला पाठ आहे. साप, घुबड, ससाणा, काहीही पाळा, पण त्याला जिवंत भक्ष्य देऊ नका. वेदना न देता मारून गोठवलेलं द्या. उंदराची तडफड वाचते, आणि घाबरलेला उंदीर तुमच्या प्राण्याला चावत नाही. यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. दुकानात त्या उंदरांच्या पिंजऱ्यावर 'फीडर' अशी पाटी असते. जन्मल्यापासून त्याची ओळख काय, तर खाद्य. ती पाटी वाचून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याशी मला बोलायचंच नसतं.

एकदा जेवताना मी विषय काढला. "काकू, फ्रोझन उंदीर मिळतात. पाकिटातले."

काकूंच्या हातातली पळी थांबली. "मेलेले उंदीर? माझ्या फ्रीजरमध्ये? तिथे खवलेला नारळ असतो, गुळाच्या पोळ्या असतात. नैवेद्याचं असतं गं सगळं."

"म्हणजे जिवंत आणून मारलेला चालतो, मेलेला आणलेला चालत नाही?"

"अगं, जेवताना काय हे," काका म्हणाले. "साहेबांचा मेनू नंतर ठरवू की."

पण मी पेटले होते. "आणि तो पोळीचा तुकडा, काकू, ते तर शुद्ध ढोंग आहे. मारायचं आणि वर पाहुणचार करायचा. पंचा टाकून पळून जायचं. उंदराला त्याचा काय उपयोग? ते तुमच्या मनाच्या समाधानासाठी आहे."

हे पत्रकात नव्हतं. हे माझं स्वतःचं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. काकूंनी मला आमटी वाढली.

आठवड्याभरात काकूंनी फ्रीजरचा खालचा कप्पा रिकामा केला, नारळ वर हलवला, पाकिटाखाली वर्तमानपत्र अंथरलं. मी गटात सगळ्यांना मिरवत सांगितलं. साप मात्र ऐकेना. मी गरम पाण्यात ठेवून उंदराला ऊब आणायची, काका चिमट्यानं तो सापापुढे हलवायचे, आणि साप मान फिरवायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. मी म्हणायची, थांबा, हे साप कितीतरी आठवडे न खाता राहू शकतात. तेही खरंच आहे. पण रविवारी फोनवर "नाही खाल्लं" हे काकूंना सांगावं लागायचं. तिकडून आवाज चढायचा: "मॉम, ही इज ओल्ड! जस्ट गिव्ह हिम अ लाइव्ह वन!" फोन पाच मिनिटांत संपायचा.

पुढच्या शनिवारी मी एका पेट शॉपबाहेर पत्रकं वाटत उभी होते. मी दिसू नये म्हणून काका जिवंत उंदीर आणायला मुद्दाम लांबच्या दुकानात गेले होते, हे मला नंतर कळलं.

दुपारी घरी आले तर खोलीचं दार सताड उघडं. काका पंचा हातात धरून उभे. साप वेटोळ्यात डोकं खुपसून पडला होता. पाठ तीन ठिकाणी कुरतडलेली, एका जागी आतलं पांढरं दिसत होतं. कोपऱ्यात उंदीर बसून मिशा साफ करत होता.

"पोळी नव्हती ठेवलीस?" काकांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "ढोंग होतं ना ते."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मी भांडले असते.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, उंदराला सापाजवळ असं तासन्‌तास एकटं सोडायचंच नसतं, आणि सोडलंच तर त्याच्यापुढे खायला ठेवायचं, पोट भरलेला उंदीर सहसा साप कुरतडत नाही. काकूंना इंग्रजी चांगलं कळतं. तरी गाडीत त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या, पोट भरलेला उंदीर?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. "असं होय," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

उंदीर चावतो हे आमच्या पत्रकात ठळक छापलंय. जिवंतच दिलात तर निदान काय करा, हे नाही. मुद्दामच नाही छापलं. लिहिलं तर परवानगी दिल्यासारखं होतं, असं गटाचं मत. माझंही होतं.

साप नऊ दिवस जगला. मधल्या दोन्ही रविवारी काकू फोनवर "अजून नाही खाल्लं" एवढंच म्हणाल्या. मलम काकू लावायच्या, स्वतःच्या बोटानं. पहिल्या दिवशी हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मऊ असतो गं." इतकी वर्षं घरात होता तो.

काकांनी त्याला मागच्या कुंपणाजवळ पुरला. रविवारी फोन आला. काकूंनी पंचा, ग्रोसरी, सगळं स्वतःवर घेतलं. मी समोरच बसले होते. माझा विषयही निघाला नाही. पलीकडून एवढंच, "ओके. इट्स ओके, आई." तिनं फोन ठेवला.

तो उंदीर वाचला. माझ्या हिशेबानं एक जीव सुटला. पत्रकात छापावी अशीच गोष्ट. परत नेऊन देणार कुठे, त्याच पाटीखाली? माझ्या खोलीत खिडकीशी पिंजऱ्यात आहे. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात पाकीटही तसंच आहे. टाकायला कुणी हात लावत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो. काकूंनी फोन ताटाशेजारी उलटा ठेवला होता, मग सुलटा केला. काका मोठमोठ्यानं भातावर बोलत होते, मऊ झालाय, छान झालाय. जेवणं झाली. ताटं वाळायला लागली तरी कुणी उठेना.

शेवटी काकू उठल्या. डब्यातली पोळी काढून चतकोर तोडला आणि माझ्यापुढे धरला.

"वर ने," म्हणाल्या. "त्याला भूक लागली असेल."