दख्खन सायकल मार्ट

आज सकाळी दुकानाची जुनी पाटी उतरवली. रंगाचे पोपडे निघालेत, तरी ‘दख्खन’ ठसठशीत आहे. देगलूरला बाबांनी दुकान काढलं, तेव्हा करीमचाचांनी ती रंगवली होती. ऑइलपेंटचा वास घमघमत होता. खडू लावलेली दोरी ताणून त्यांनी रेघ उठवली आणि लिहायला घेतलं.

पुण्याहून आलेले मामा म्हणाले, “दाजी, इंग्रजीत डेक्कन लिहा. भारी दिसतं.”

चाचांचा ब्रश थांबला नाही. “दक्षिणेला दख्खन आपल्याच लोकांनी केलं. सायबाला म्हणता येईना, म्हणून त्यानं डेक्कन केलं. आपल्या जिभेला काय धाड भरली?”

तेव्हा मला मामाच शहाणे वाटले होते.

“मॅडम, फ्लेक्सवर डेक्कन टाकू ना?” नव्या पाटीचं माप घ्यायला आलेल्या फ्लेक्सवाल्यानं आता विचारलं.

“न्हाई,” मी म्हटलं, “शिडी धर. हीच पाटी परत चढवायची.”