सुकेशिनी आणि मागं जायचं बटण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, राईस मिलच्या मागच्या गल्लीत सुकेशिनी रामटेकेचं घर आहे. वडील संघपाल रामटेके पोस्टातून निवृत्त झालेले, आई अंगणवाडीत. सुकेशिनीनं चंद्रपूरला इंजिनिअरिंग केलं आणि नंतर काही वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत वेबसाइटी बनवल्या. घरून काम करायची सोय झाली तेव्हा ती गावी आली आणि मग परत गेलीच नाही. गल्लीतल्या लोकांना ती नेमकं काय करते ते कधी उमगलं नाही. वडिलांना कोणी विचारलं तर ते सांगत, "फोनमंधी आपण जे दाबतो ना, ते दाबल्यावर पुढं काय व्हावं, हे ठरवते माही पोरगी."

हे वर्णन किती बरोबर आहे ते मला पुढे कळलं.

मी तलावांवर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे. धानाच्या या पट्ट्यात गावोगावी जुने तलाव आहेत आणि त्यांत ढिवर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. मधल्या काळात बेशरमीच्या झुडपांनी तलावांचे काठ गिळले आणि गावरान मासे दिसेनासे झाले. एका गावात गिरजाबाईंच्या पुढाकारानं बायांच्या गटानं ती झुडपं मुळासकट काढली आणि पाण्यात देवधान, म्हणजे माशांना आसरा देणारं जंगली धान, लावलं. आता कुठला मासा परत येतोय, किती दिसतोय, तलावाच्या कुठल्या बाजूला दिसतोय, याची नोंद हवी होती. कागद डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, भिजायचे, म्हणून फोनवर नोंद करायचं ठरलं. नागपूरच्या पियुषची छोटी कंपनी आम्हाला परवडत होती आणि त्यानं हे काम आता त्याच्याकडे काम करणाऱ्या सुकेशिनीला दिलं.

तिनं केलेलं काम दिसायला फार छान होतं. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडायचं. माशांची मोठी चित्रं, खाली आपल्याकडची नावं: मरळ, शिंगूर, दाडक. चित्रावर बोट ठेवलं की ते मोठं होऊन दिसायचं. मासा निवडला की पुढं जागा, मग संख्या, मग फोटो. वाचता न येणारी बाईसुद्धा चित्रं बघून पुढं जाऊ शकेल अशी मांडणी. गटाच्या बैठकीत सगळ्यांनी एकेकदा करून पाहिलं, टाळ्या वाजल्या.

पहिले काही दिवस नोंदी आल्या. मग कमी होत गेल्या आणि एका आठवड्यात थांबल्याच.

मी गिरजाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नेटवर्क नाई राहत भाऊ." दुसऱ्या बाईनं सांगितलं, वेळ नाही मिळत. तिसरीनं सुनेवर ढकललं. मी तेच सुकेशिनीला कळवलं. ती म्हणाली, "नेटवर्क नसलं तरी चालते भाऊ. नोंद फोनमंधी राहते आणि नेटवर्क आलं का जाते. हे कारण नाई." मग तिनं विचारलं, "मले तलावावर नेता का?"

पियुषला हे पटलं नव्हतं. तो तिला म्हणाला होता, "लोकांना सवय नसते. एक सूचना टाक आणि मोकळी हो." पण ती आली. माझ्या मोटरसायकलवर मागं बसून, पाठीला लॅपटॉपची पिशवी लावून.

सकाळचं कोवळं ऊन होतं. गिरजाबाई आणि आणखी दोघी जाळं ओढून काठावर आल्या होत्या. टोपल्यात झिंगे आणि दोन शिंगूर. सुकेशिनीनं त्यांना काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "एक नोंद करून दाखवता का बाई? मी नुसती पाहते."

गिरजाबाईंनी लुगड्याला हात पुसले आणि फोन घेतला. शिंगूर निवडायचा होता, बोट ओलं असल्यानं दाडक निवडला गेला. पुढं जागेचं पान आलं. चूक लक्षात आली तशी त्यांनी फोनच्या तळाचं मागं जायचं बटण दाबलं, जसं आपण सगळेच दाबतो.

अख्खी नोंद गेली. समोर फोनचा मुख्य पडदा आणि त्यावर नातवाचा फोटो.

गिरजाबाईंनी फोन खाली ठेवला. "पाहा मॅडम. माया अंगठाच खराब हाये. मी हात लावली का हे बंद पडते. म्हणून मी या पोट्टीले देतो, अन् इच्यानंबी होत नाई तं सोडून देल्लं."

"मंग तुम्ही नेटवर्कचं काऊन सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी एवढा खर्च केला भाऊ. आमाले जमत नाई हे कसं सांगाव?"

सुकेशिनीचा चेहरा पडला. ती काठावरच्या दगडावर बसली, स्वतःच्या फोनवर तेच करून पाहिलं, आणि तिच्याही हातून तेच झालं. मग ती गिरजाबाईंना म्हणाली, "बाई, तुमचा अंगठा चांगला हाये. चूक माही हाये. मागं जायचं बटण दाबलं तर मागंच गेलं पाहिजे."

परत येताना राजोलीजवळ चहाला थांबलो तेव्हा तिनं मला समजावलं. जुन्या वेबसाइटीत प्रत्येक पान वेगळं असायचं. ब्राउझर लक्षात ठेवायचा की हा माणूस इथून इथं आला, आणि मागं म्हटलं की तसाच परत न्यायचा. आता अख्खं ॲप एकाच पानावर असतं. छोटे छोटे तुकडे जोडून ते केलेलं असतं, आणि आपण पुढं गेलो की फक्त तुकडे बदलतात. बघणाऱ्याला वाटतं आपण चार पानं पुढं आलो. ब्राउझरच्या हिशेबी आपण दारातच उभे असतो. म्हणून मागं म्हटलं की तो सरळ बाहेर नेऊन सोडतो.

"मंग हे आधी ध्यानात आलं नाही?" मी विचारलं.

"मी लॅपटॉपवर करत होती. वरच्या कोपऱ्यात मी एक बाण ठेवला होता मागं जायसाठी, मी तोच दाबायची. तो मीच ठेवला होता ना, म्हणून मले दिसायचा."

संध्याकाळी पियुषचा फोन आला तेव्हा मी तिच्या घरीच होतो. तो म्हणाला, "एक ओळ टाकून दे, ‘मागे जाण्याचे बटण दाबू नये’."

"त्या बाया सगळ्या फोनवर तेच बटण दाबतात, पियुष. व्हॉट्सॲपवर दाबतात, व्हिडिओ पाहताना दाबतात. आपल्या एका कामासाठी त्यांनी हात कायले बदलावा?"

"वेळ लागेल."

"लागू दे. मी करीन म्हणत नाई, मी करूनच राह्यली."

तिनं पहिला उपाय केला तो मात्र फसला. तिनं मागं जायचं बटणच अडवलं. दाबलं की ॲप ओळखणार आणि आतल्या आत एक पायरी मागं नेणार. दोन दिवसांनी गिरजाबाईंचा मलाच फोन आला, घाबऱ्या आवाजात. "भाऊ, हे आता जाऊनच नाई राह्यलं! कितीकदा दाबली, हाये तिथीच. म्यां फोन बंद करून ठेवलो." पहिल्या पानावर येऊनही ॲप त्यांना बाहेर सोडत नव्हतं.

सुकेशिनी स्वतःवरच चिडली. "आधी मी त्यांना घराबाहेर काढत होती, आता कोंडून ठेवलं," ती म्हणाली. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "जायची वाट आहे तशी राहू दिली असती तं नसतं चाललं का?" सुकेशिनी म्हणाली, "तेच करायचं हाये आई, पण वाटच नाई तिथं. आधी वाट करावी लागते."

मग तिनं वाट केली. माशांचं पान, जागेचं पान, संख्येचं पान, अशा प्रत्येक पायरीला तिनं स्वतःचा पत्ता दिला, म्हणजे ब्राउझर खरोखर पुढं गेला आणि त्यानं ते लक्षात ठेवलं. आता मागं म्हटलं की त्याचा तोच एक पायरी मागं यायचा. पहिल्या पानावरून मागं म्हटलं की बिनबोभाट बाहेर. कोणाला अडवायची गरजच उरली नाही. भरलेली माहिती ती फोनमध्येच धरून ठेवू लागली, म्हणजे मधेच कुणाचा फोन आला किंवा चुकून बाहेर पडलं तरी परत उघडल्यावर अर्धी नोंद तशीच सापडायची.

चित्र मोठं होऊन दिसायचं त्यानं तिला सर्वांत जास्त छळलं. चित्र उघडं असताना मागं म्हटलं तर फक्त चित्र बंद व्हायला हवं. ते तिनं केलं. पण कोणी कोपऱ्यातल्या फुलीनं चित्र बंद केलं, तर ब्राउझरच्या आठवणीत ती पायरी तशीच पडून राहायची आणि पुढच्या वेळी मागं म्हटलं तर काहीच हलायचं नाही. दुसऱ्यांदा दाबावं लागायचं. पियुष म्हणाला, हे कोणाला कळणार नाही. ती म्हणाली, "गिरजाबाई पुन्हा आपल्या अंगठ्यालाच दोष देतील." शेवटी तिनं फुलीलाही मागं जायचंच काम दिलं. फुली दाबा किंवा बटण दाबा, वाट एकच.

या खेपेला आम्ही बैठक घेतली नाही, टाळ्याही नाहीत. सुकेशिनी एकटीच एसटीनं गेली आणि गिरजाबाईंच्या ओसरीत बसली. नंतर तिनं मला सगळं सांगितलं. गिरजाबाई फोन हातात घ्यायला तयार नव्हत्या. तेव्हा ती म्हणाली, "बाई, आज नोंद करायची नाई. आज नुसतं चुकायचं. चुकीचा मासा दाबा."

"जाणूनबुजून?"

"जाणूनबुजून."

गिरजाबाईंनी मरळीच्या जागी दाडक दाबला. मागं आल्या. मासे समोर होते. चित्र मोठं केलं, मागं आल्या. संख्या भरली, मागं आल्या, संख्या तशीच. मग त्यांना चेव आला. उलटसुलट कुठंही जायच्या आणि परत यायच्या. सुनेला हाक मारली, शेजारणीला बोलावलं. "ये इकडं, पाय! चुकलं तरी जात नाई आता!"

त्या महिन्यापासून नोंदी सुरू झाल्या त्या आजवर सुरू आहेत. आता सर्वांत जास्त नोंदी गिरजाबाईंच्याच असतात, फोटो थोडे हललेले, पण मासा ओळखू येतो. तलावाच्या पूर्वेला, जिथं देवधान दाट झालंय तिथं, मरळीची पिल्लं दिसल्याची पहिली नोंद त्यांचीच होती. आम्ही ती पाहून लगेच गेलो. पिल्लं होती, लालसर, आईच्या मागोमाग पाण्यावर थवा धरून.

पियुषनं नंतर सगळ्या कामांत हीच पद्धत लावली. सुकेशिनीशी तो याबद्दल कधी बोलला नाही. एवढंच झालं की नवं काम आलं की ते वापरणाऱ्यांकडे तिला आधी पाठवतो. सध्या ती धानोऱ्याकडे जाऊन-येऊन करते. तिथल्या ग्रामसभांना मोहाच्या झाडांची नोंद हवी आहे आणि तिला बटणांवरचे गोंडी शब्द गोंडी बोलणाऱ्यांकडूनच घ्यायचे आहेत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तलावात जाळं टाकायचा मोठा दिवस होता, तेव्हा गटानं तिला बोलावलं. तिला पोहता येत नाही, तरी ती डोंग्यात बसली, दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट धरून. गिरजाबाईंनी जाळ्यातली एक चांगली हातभर मरळ काढून तिच्याकडे दिली, "घे, घरी ने." मरळ हातात आली आणि अशी उसळली की सुकेशिनी किंचाळली, हात सुटले आणि मासा परत पाण्यात. काठावरच्या बाया हसून हसून खाली बसल्या. गिरजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जाळ्यात हात घालून दुसरी मरळ काढली, गळ्याशी कशी धरायची ते तिला दाखवलं, आणि ती नीट धरेपर्यंत स्वतःचा हात तिच्या हातावरून काढला नाही.