उपाशी घोडे लढत नाहीत

परदेशात, डेल्फ्टच्या विद्यापीठात माझ्या संशोधनाचं दुसरं वर्ष चालू होतं. माझं काम दोन प्राचीन राज्यांवर. एकाच नदीवर वसलेली, पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी भांडणारी. तळ्यातल्या गाळाच्या थरांवरून कोरडी वर्षं कळायची, मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या नोंदींवरून लढाया. पाणी आटलं की राजे भिडत असणार, असं माझ्या मार्गदर्शक बाईंना वाटायचं आणि मलाही. पण आकडे ऐकत नव्हते. भयंकर कोरड्या वर्षी पाट्या एकदम चिडीचूप. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून मी सगळं तीनदा तपासलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी डेल्फ्टशेजारच्या रायस्वाइकमधल्या घरातून आईला व्हिडिओ कॉल केला. बाहेर वादळ, ट्रेन बंद. आज घरीच बसणार, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आज सीमोल्लंघन करायचं असतं. पूर्वी पाऊस संपला, धान्य घरात आलं, की फौजा निघायच्या. तू निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन ये."

मी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि लॅपटॉप उघडला. धान्य घरात आल्यावर! दुष्काळात फौज खाणार काय, घोड्यांना चारा कुठून? कोरड्या वर्षांचा रकाना मी एक घर, म्हणजे एक वर्ष, पुढे सरकवला. आता प्रत्येक लढाई दुष्काळानंतरच्या पहिल्या सुगीशी जाऊन बसली. आई फोनमधून विचारत होती, काय झालं, रडतेस का. मी हसत होते, आणि ते थांबेना.

घरी बसवेना. सायकल काढली. वारा पाठीशी होता, असा की पायडल मारावंच लागेना. कालव्याकाठी एका वळणावर सायकल मला घेऊन सरळ गवतात गेली. उठले, परत बसले, आणि भर पावसात मोठ्यांदा गाणं म्हणत निघाले. इथे कोणी वळून बघत नाही हे किती बरं.

विभागात फक्त बाई होत्या, मोजे हीटरवर वाळत घालून बसलेल्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आईसकट. त्यांनी आपल्या संगणकावर तो रकाना स्वतः सरकवून पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे उपाशी घोडे लढत नाहीत. इतके दिवस आपल्याला हे सुचलं नाही." आणि ही कधी फारसं न हसणारी बाई अनवाणी उठली, माझे ओले हात धरले आणि मला कॉरिडॉरभर गरगर फिरवलं. आम्हाला दोघींनाही नाचता येत नव्हतं. कॉफीचं मशीन आलं तेव्हा थांबलो.

पुढे शेजारच्या खोऱ्यात हे गणित काही जुळलं नाही, आणि ते आम्ही प्रबंधात तसंच लिहिलं. पण आमच्या नदीपुरतं ते टिकलं. ऋणनिर्देशात आईचे आभार मानले. ते वाचून तिने विचारलं, "मी यात नक्की केलं काय?"